पाळी 35 दिवसांनी येते, तर गर्भधारणेचे दिवस कोणते धरायचे?

पाळी सुरू झाल्यापासूनचा चौदावा दिवस धरू नका. तो हिशेब 28 दिवसांच्या चक्राचा. बीज फुटतं (बीजांडकोशातून बाहेर पडतं) ते पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी, म्हणजे तुमच्या बाबतीत एकविसाव्या दिवसाच्या आसपास. बीज जेमतेम 12 ते 24 तास टिकतं, शुक्राणू मात्र आत पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. म्हणून सोळाव्या ते बाविसाव्या दिवसापर्यंत एक दिवसाआड संबंध ठेवा. त्या दिवसांत स्राव कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा तार धरणारा होतो. ही खूण ॲपपेक्षा भरवशाची. ओव्ह्युलेशन किट (बीज फुटायची वेळ सांगणारी घरगुती लघवीची तपासणी) चालेल, पण पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित करणारा विकार) असेल तर ते उगाच पॉझिटिव्ह दाखवू शकतं.

इथेच एक घोळ होतो: बीज फुटलं का हे दाखवणारी 'एकविसाव्या दिवशीची' प्रोजेस्टेरॉन हार्मोनची रक्ततपासणी तुम्ही अठ्ठाविसाव्या दिवशी करायची. आधी केलीत तर बीज फुटूनही रिपोर्ट कमी येईल.

पाळी 35 दिवसांच्याही पुढे जात असेल तर थांबू नका, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) तपासा. नियमित असेल तर वयाच्या पस्तिशीच्या आत वर्षभर, पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून डॉक्टरांकडे जा. आणि नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्याच फेरीत करा. स्वस्त, बिनवेदनेची, तरी घरोघरी तीच शेवटी होते!