वडिलांना मधुमेहावरच्या अभ्यासात घ्यायचं म्हणतात, मी सही करावी का?

तुमचा प्रश्न असा : वडिलांना शुगर तपासायला कोल्हापुरात नेलं, तिथं मधुमेहाच्या गुंतागुंतीवर चाललेल्या अभ्यासात त्यांचं नाव घालू का म्हणून विचारलं. डोळे, पाय, लघवी तपासणार, तीन वर्षं अधूनमधून बोलावणार. शुगर तर ताब्यात आहे, मग उगीच प्रयोग कशाला, सही करावी का?

सही तुम्ही करायचीच नाही. सही वडिलांची लागते. माणूस शुद्धीत आहे, त्याला आपलं बरंवाईट कळतं, तर त्याच्याऐवजी मुलाची सही चालत नाही. लिहिता येत नसेल तर अंगठा, आणि सगळं वाचून दाखवताना शेजारी अभ्यासाशी संबंध नसलेला एक साक्षीदार. हे मला २०१५ साली माहीत असतं तर आमच्या आबांच्या उजव्या पायाला आज पाच बोटं असती, असं मी म्हणते. आमचा दादा तसं म्हणत नाही.

आबा गुळव्या. करवीर तालुक्यातल्या गुऱ्हाळांवर पस्तीसेक हंगाम काढले त्यांनी. काहील कधी उतरवायची हे थंड पाण्यात पाकाचा थेंब सोडून, बोटांनी गोळी वळून सांगायचे, आणि त्यांचा शब्द मालकही मोडत नसे. २००९ मध्ये शुगर निघाली. त्या दिवसापासून गुळाचा खडा जिभेवर ठेवला नाही, गोळी एकदाही चुकवली नाही. घरात कौतुक होतं त्याचं.

२०१५ च्या पावसाळ्यात शहरातल्या एका दवाखान्यात असाच अभ्यास चालू होता, पायाच्या नसांवर. तिथल्या मुलीनं माहितीचे कागद मराठीतून वाचायला घेतले. आबा कान देऊन ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, “पाय बघणार म्हंजे काय करणार?” ती सांगायच्या आत दादानं कागद मिटून तिच्या हातात दिले. “आमचा म्हातारा काय उंदीर न्हाई तुमचा. उपाशीपोटी एकशे अठरा हाय शुगर, बघा की.” मी म्हटलं, अरे नुसतं बघणार आहेत, औषध नाही द्यायचं. तर म्हणाला, “तू तुझ्या सासरचं बघ.” मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा राग मला दादापेक्षा माझ्यावर जास्त आहे.

२०१७ ची चैत्र यात्रा. गावच्या सासनकाठीबरोबर आबा दरवर्षी अनवाणी जोतिबाला जायचे, त्याही वर्षी गेले. दुपारचं ऊन, तापलेले दगड, तापलेला डांबरी रस्ता. परत आले तेव्हा पाय घोट्यापर्यंत गुलालानं माखलेले होते आणि चेहरा आनंदानं फुललेला. पाय दुखतोय असं ते म्हणाले नाहीत, कारण दुखतच नव्हता. तिसऱ्या दिवशी आईला अंथरुणावर डाग दिसला, वासही आला. रेघांमध्ये बसलेला गुलाल घासून काढला तेव्हा करंगळीच्या खाली फोड फुटून झालेली जखम दिसली, रुपयाएवढी आणि खोल. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागलं. पुढं चार महिने ड्रेसिंग. गुऱ्हाळ कायमचं सुटलं.

बोटं काढली त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आबांना डोळे मिटायला सांगितले आणि खिशातून नायलॉनचा एक तंतू काढला. हा तंतू त्वचेवर टेकवून दाबला की १० ग्रॅमच्या जोराला वाकतो. एवढा स्पर्श ज्याला कळत नाही, त्या पायाला जखम झालेलीही कळणार नाही, असं धरतात. “लागलं की व्हय म्हणा.” मी शेजारी उभी होते. तंतू अंगठ्याला टेकला, वाकला, उचलला. आबा गप्प. टाचेजवळ जरा नेट लावावा तसं त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण गप्पच. मग मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, “सुरू केलं न्हाई काय अजून?” डॉक्टरांच्या सात जागा झाल्या होत्या.

ज्या माणसाच्या बोटांना पाकाचा तार कळायचा, त्याच्या तळव्याला सुई कळत नव्हती. मधुमेहात सगळ्यांत लांब नसा आधी जातात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते आणि मोजा चढवल्यासारखा बधिरपणा वर सरकतो. हात शाबूत असतो, म्हणून माणसाला शंकाही येत नाही. ही तपासणी दोन मिनिटांची. त्या तंतूच्या जोडीला सेकंदाला १२८ कंपनांचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे थरथरणारा धातूचा चिमटा, हाडावर टेकवून थरथर कळते का बघतात, की झालं. आठ वर्षांत आबांना कुणी पायताण काढायला सांगितलं नव्हतं. त्या अभ्यासात पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

आता तुमचं ‘शुगर ताब्यात आहे’. ती आजची शुगर आहे हो. तुमचे वडील आमच्या आबांसारखेच प्रकार दोनचे, म्हणजे सहसा मोठेपणी होणाऱ्या मधुमेहाचे, असतील असं धरते. हा आजार निदान होण्याआधी कित्येक वर्षं गुपचूप अंगात असतो. ब्रिटनमध्ये १९७७ मध्ये सुरू झालेल्या यूकेपीडीएस अभ्यासात नव्यानं निदान झालेले ५,१०२ लोक घेतले होते, आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांमध्ये निदानाच्याच वेळी गुंतागुंतीच्या खुणा सापडल्या. म्हणून प्रकार दोनमध्ये डोळे, पाय, लघवी निदानाच्या वेळीच बघायची आणि पुढं दर वर्षी. प्रकार एकमध्ये साधारण पाच वर्षांनी सुरुवात करतात. नुसती उपाशीपोटीची शुगर बघून पुढची तारीख देणारा डॉक्टर मला चालत नाही, कितीही नावाजलेला असो.

डोळ्याचंही तेच. पडद्यावर रक्ताचे ठिपके असतानाही पेपर स्वच्छ वाचता येतो. बाहुली मोठी करणारे थेंब घातले की पडदा नीट दिसतो. त्यानंतर काही तास अंधूक दिसतं, म्हणून वडिलांना गाडीवरून एकट्यांना पाठवू नका. आणि ‘क्रिएटिनिन नॉर्मल आहे’ हे वाक्य ऐकून घरी येऊ नका. क्रिएटिनिन म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो कचरा, रक्तात तो बऱ्याच उशिरा वाढतो. त्याच्या कितीतरी आधी लघवीतून अल्ब्युमिन नावाचं प्रथिन जायला लागतं : लघवीतल्या एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की लक्ष द्यायचं. मात्र ताप, जंतुसंसर्ग, अंगमेहनत यांनीही ते वाढतं, म्हणून तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुने जास्त आले तरच खरं मानतात.

उंदीर म्हणतात ना, त्यावर माझं एवढंच म्हणणं आहे. १९८३ ते १९९३ या काळात अमेरिका आणि कॅनडात प्रकार एकचे १,४४१ जण एका अभ्यासात होते, डीसीसीटी म्हणतात त्याला. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाची नेहमीची इन्सुलिन, दुसऱ्या गटाला दिवसाला तीन किंवा जास्त इंजेक्शनं नाहीतर पंप, शिवाय दिवसातून चारदा बोट टोचून शुगर बघायची. वर्षानुवर्षं. तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीएवनसी, ती टक्क्यांत मोजतात) या दुसऱ्या, कडक गटात ७ च्या आसपास राहिली, पहिल्यात ९ च्या. आणि आधी डोळे चांगले असलेल्यांत पडद्याचा आजार सुरू व्हायचा धोका कडक गटात ७६ टक्क्यांनी कमी झाला. तोपर्यंत शुगर आवळून धरली तर गुंतागुंत खरंच टळते का, यावर डॉक्टरांतच वाद होता. अभ्यास संपल्यावरही त्यातले बहुतेक जण पुढच्या तपासण्यांना येत राहिले. आबांच्या फाइलवर डॉक्टर ‘७ च्या आत’ लिहितात, तो आकडा या लोकांनी टोचून घेतलेल्या बोटांतून आलाय. त्यांना उंदीर म्हणू नये.

तुमच्या बाबतीत काही गोष्टी मात्र बघून घ्या. तुम्ही लिहिलंय त्यावरून हा नुसता निरीक्षणाचा अभ्यास दिसतो. नव्या औषधाची चाचणी असेल तर गोष्ट वेगळी, तिथं एका गटाला औषधाऐवजी दिसायला तशीच बिनऔषधी गोळी मिळू शकते. ते स्पष्ट विचारा. औषधाच्या चाचणीत इजा झाली तर फुकट उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. कागदावर अभ्यासाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीचा पत्ता आणि फोन हवा, सीटीआरआय म्हणजे अशा अभ्यासांच्या सरकारी नोंदवहीतला क्रमांक विचारा, सही केलेल्या कागदाची प्रत घरी आणा. कधीही बाहेर पडता येतं आणि त्यानं नेहमीचे उपचार थांबत नाहीत. तपासणीचे निकाल आपल्याला देणार का, हे आधीच विचारा, कारण सगळेच देत नाहीत. आणि अभ्यास म्हणजे उपचार नव्हेत, नेहमीचा डॉक्टर सोडू नका. अभ्यासात नाही गेलात तरी या तिन्ही तपासण्या बाहेर होतातच, त्या करा.

आणखी एक, कोल्हापूरची लेक म्हणून लिहायला जड जातंय. बधिर पायाला आपलं कडक चामड्याचं पायताण चालत नाही. आबा आता मऊ रबराच्या तळाची, मागं पट्टा असलेली चप्पल घालतात आणि आई रोज रात्री बॅटरीच्या उजेडात त्यांचे तळवे बघते.

दादा अजून म्हणतो, सही केली असती तरी आबा यात्रेला गेलेच असते. गेले असते, कबूल. बोटं वाचलीच असती अशी खात्रीही मला देता येत नाही. पण चप्पल घालून गेले असते, आणि घरी आल्यावर आईनं त्याच रात्री गुलाल धुतला असता. परवा मी आबांनाच विचारलं, तेव्हा तुम्ही काय म्हणाला असता? बराच वेळ पायाकडे बघत बसले. मग म्हणाले, “मला इचारलं कुठं हुतं कुणी?”