कोलेस्ट्रॉलची गोळी आणि गरोदरपणातलं बीपी

प्रश्न : सुनेचं पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात बीपी वाढलं, लघवीतून प्रथिनं गेली. आता पुन्हा तिसरा महिना चालू आहे. कोलेस्ट्रॉलच्या गोळीने हा त्रास टळतो म्हणतात. यांची रोजची गोळी तिला चालेल का? खारट सुकटीमुळे हे झालं, असंही म्हणतात; खरं का? – एक वाचक, मालवण

उत्तर : नाही. घरातली गोळी तर मुळीच नको. कल्पना निराधार नाही : वारेतून रक्तात येणारी काही द्रव्यं रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडवतात आणि स्टॅटिन (म्हणजे कोलेस्ट्रॉलची गोळी) ती कमी करील, अशी आशा होती. पण 2021 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत 35 ते 37 आठवड्यांपासून रोज 20 मिलिग्रॅम प्रव्हास्टॅटिन देऊनही फरक पडला नाही.

उपयोग सिद्ध झालाय तो साध्या अ‍ॅस्पिरिनचा. बाराव्या आठवड्याच्या सुमारास, उशिरात उशिरा सोळाव्याच्या आत सुरू करायची. म्हणून डॉक्टरांना याच आठवड्यात भेटा. बहुधा 75 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रात्री, छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत. दमा, अल्सर असेल तर आधी सांगा. कॅल्शियम जेवणासोबत घ्या, लोहाच्या गोळीबरोबर नको. दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर लोह नीट शोषलं जात नाही.

बीपी मोजताना पाच मिनिटं टेकून बसवा, दंड छातीच्या पातळीत. 140/90 दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. 160/110, थांबत नसलेली डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा बरगडीखाली दुखणं म्हणजे तडक इस्पितळ. पावसात घाट बंद पडतो, तेव्हा गाडी आधीच सांगून ठेवा. सुकटीचं खारटपण मात्र या आजाराचं मूळ नव्हे.