ट्राउट मासा ड्राय फ्लायजवळ (गळावर बांधलेल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या नकली माशीजवळ) येतो, बघतो आणि वळून जातो, असं का होतं?

बहुतेक वेळा ड्रॅगमुळे. लाइन (गळाची दोरी) वेगवान धारेत पडते, माशी संथ पाण्यात, मग लाइन तिला ओढते आणि ती खऱ्या किड्यासारखी वाहत न जाता पाण्यावर घसरते, आपल्याला लांबून दिसत नाही पण ट्राउटला बरोबर कळतं. लाइन पाण्यावर पडली की लगेच प्रवाहाच्या वरच्या बाजूला उचलून टाका, यालाच मेंडिंग म्हणतात, आणि टिपेट (लाइनच्या टोकाचा, माशी बांधायचा धागा) लांब नि बारीक घ्या, ५एक्स जाडीचा म्हणजे साधारण ०.१५ मिमी, तो चालत नसेल तर त्याहून बारीक ६एक्स.

अजून एक, मासा वर येताना तोंड दिसतंय की फक्त पाठ-शेपूट ते बघा. नुसती पाठ दिसत असेल तर तो पृष्ठभागाच्या जरा खालचे किडे खातोय, तिथे उंच तरंगणारी माशी टाकून काही होत नाही, इमर्जर (पृष्ठभागाशी अर्धवट बुडून राहणारी नकली माशी) बांधा.

आणि मासेमारी क्लबचं गेट-टुगेदर असेल तर जाच, नुसत्या गप्पा असतात असं वाटतं खरं (मोठ्या माशांच्या थापा तर हमखास!), पण तिथे कोणीतरी गळासाठी नकली माशा बांधत बसलेलं असतंच, त्याच्या शेजारी खुर्ची ओढा.