बडोद्याहून जर्मनीला कायमचं जाताना घरातलं काय न्यावं, काय ठेवावं, आणि पैशाचा हिशोब कसा मांडावा?

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याला म्युनिकजवळ नोकरी लागली आहे, दोन महिन्यांत निघायचंय, पाच वर्षांची मुलगी सोबत आहे, बडोद्यात दोन बेडरूमचं भरलेलं घर आहे आणि हाताशी सहा लाख आहेत. शिवाय सासऱ्यांचा संखेड्याचा, म्हणजे त्या गावच्या रंगीत लाकूडकामाचा झोपाळा न्यावा की नाही, यावरून घरात रोज बोलणं होतंय.

आम्ही 2022 मध्ये बडोद्याच्या दांडिया बाजारातलं घर आवरून न्यूरेंबर्गला आलो. तेव्हा मी हा हिशोब उलट्या टोकाकडून धरला होता. आधी सामान ठरवलं आणि उरलेल्या पैशांत तिथे कसं भागवायचं ते नंतर पाहिलं. तुम्ही तसं करू नका. तिथल्या पहिल्या तीन महिन्यांचे पैसे आधी बाजूला काढा, त्यांना हात लावू नका, आणि जे उरेल त्यातच सामानाचं बसवा.

त्या तीन महिन्यांत खर्च कुठे होतो ते सांगते. जर्मनीत घराचं डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं घेता येतं. मूळ भाडं, म्हणजे ‘काल्टमीटं’, यात हीटिंग आणि पाणी धरत नाहीत. हजार युरो मूळ भाडं धरलं आणि युरो शंभर रुपयांचा धरला, तर डिपॉझिटच तीन लाख झालं. म्युनिकच्या आसपास याहून जास्त लागेल. तुमच्या सहा लाखांतले निम्मे इथेच गेले. हे डिपॉझिट तीन हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला कायद्यानेच आहे. घरमालक आपणहून सांगत नाही, तुम्ही विचारा. पगार महिन्याच्या शेवटी येतो, म्हणजे पहिला महिना पूर्ण तुमच्याच खिशातून.

आणि स्वयंपाकघर! याची कल्पना आम्हाला कोणीच दिली नव्हती. तिथे बरीच घरं स्वयंपाकघराशिवाय भाड्याने देतात. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही, छताला दिव्याच्या जागी नुसत्या वायरी. जाहिरातीत ‘आइनबाउक्युशं’ हा शब्द असेल तरच स्वयंपाकघर आहे असं समजा. कधी कधी आधीचा भाडेकरू आपलं स्वयंपाकघर पुढच्याला विकून जातो. चांगल्या अवस्थेत असेल तर जरूर घ्या, नव्याच्या मानाने पुष्कळ स्वस्त पडतं. आम्ही पहिले पाच आठवडे एका विजेच्या प्लेटवर काढले, कारण जवळचे पैसे सामान जहाजाने पाठवण्यात संपले होते.

आता सामान. समुद्रमार्गे अर्धवट कंटेनरने, म्हणजे कंटेनर दुसऱ्यांसोबत वाटून घेऊन पाठवलं तर पैसे वजनावर नाही, जागेवर पडतात. पॅकर्सवाले सीबीएम म्हणतात, म्हणजे घनमीटर. हजार किलोच्या आत असेल तर एक घनमीटर कापूस आणि एक घनमीटर पुस्तकं यांचं भाडं सारखंच. विमानाच्या कार्गोचं वेगळं: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची, 6000 ने भागायचं, आणि तो आकडा किंवा खरं वजन, यांतलं जे जास्त असेल ते धरतात. 45 बाय 45 बाय 60 चं खोकं घ्या, त्याचं असं वजन सव्वावीस किलो येतं. आत आठ किलोची पांघरुणं असली तरी पैसे सव्वावीस किलोचे. म्हणून जड आणि थोडक्या जागेत मावणाऱ्या वस्तू जहाजाने पाठवायच्या. हलक्या पण जागा खाणाऱ्या वस्तूंना दोन्हीकडे तोटाच.

एका रविवारी घरभर मेझर टेप घेऊन फिरा. फ्रिज साधारण 0.6 घनमीटर भरतो, डबल बेडची गादी 0.4 पेक्षा जास्त. वर सांगितली तशी आठ खोकी मिळून एक घनमीटर. गादी नेण्यात तर काहीच अर्थ नाही. तिथले पलंग 140, 160 किंवा 180 सेंटिमीटर रुंद आणि 200 लांब असतात, त्यामुळे आपल्या गाद्याच काय, फिटेड चादरीही बसत नाहीत. फ्रिज, वॉशिंग मशीन, सोफा, कपाटं सगळी बडोद्यातच विका किंवा देऊन टाका. वीज दोन्हीकडे 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झच आहे, म्हणून ही यंत्रं चालतील हे खरं, पण त्यांच्या जागेचे पैसे भरण्याची गरज नाही.

मिक्सर मात्र न्याच. प्लग बदलला की आपला मिक्सर तिथे बिनतक्रार चालतो, आणि ओलं खोबरं वाटायला त्याच्यासारखं काही नाही. तिथल्या शेगड्या काचेच्या सपाट असतात, बऱ्याच ठिकाणी इंडक्शन. ॲल्युमिनियमचा साधा कुकर आणि गोल बुडाची कढई इंडक्शनवर चालत नाही. घरातल्या भांड्यांच्या बुडाला लोहचुंबक लावून पाहा, चिकटलं तर न्या. पोळपाट-लाटणं, सोऱ्या, पुरणयंत्र, इडलीपात्र, मसाल्याचा डबा हे सगळं एका खोक्यात मावतं आणि रोजच्या जेवणाला लागतं. मी पुरणयंत्र ठेवून आले होते. पहिल्या होळीला पुरण चाळणीवर घासून काढलं, तेव्हा हात भरून आले आणि रडूही आलं.

इथे एक नियम नीट समजून घ्या. राहतं घर बदलताना नेलेल्या वापरातल्या सामानावर जर्मनीत कर लागत नाही. पण तुम्ही निदान बारा महिने युरोपीय संघाबाहेर राहिलेले हवे, वस्तू स्थलांतराआधी निदान सहा महिने वापरातली हवी, तिथे राहायला लागल्यापासून बारा महिन्यांत ती पोचायला हवी, आणि नंतर बारा महिने ती विकता येत नाही. त्यासाठी सामानाची यादी, नोकरीचा करार आणि तिथल्या पत्त्याची नोंदणी लागते. आता आपल्याकडे काय होतं? निघायच्या आठवड्यात आत्या मंगळ बाजारातून कोरी स्टीलची भांडी आणते, मामी नवा डिनर सेट देते. प्रेमाने दिलेलं असतं, नाही म्हणवत नाही. पण ती कोरी भांडी या सवलतीत बसत नाहीत. ती विमानाच्या बॅगेत घाला. तिथे प्रत्येक मोठ्या माणसाला 430 युरोपर्यंतच्या वस्तू करमुक्त नेता येतात, पंधरा वर्षांखालच्या मुलाला 175.

खाण्यातलं तूप, पेढे, खव्याचं काहीही नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, आणि तूप दुधातच मोडतं. आईने कढवलेलं तूप विमानतळावर टाकून द्यावं लागणं फार जिवाला लागतं. ताज्या कढीलिंबालाही प्रमाणपत्र लागतं. गोडा मसाला, मेतकूट, लीलो चिवडो नेताना आम्हाला काही अडचण आली नाही.

भाडं विचारताना तीन पॅकर्सकडून लेखी आकडे घ्या आणि ‘घरापासून घरापर्यंत’ या शब्दांवर थांबू नका. आम्हाला ज्यांनी ते सांगितलं, त्यांच्या कागदात हॅम्बुर्ग बंदरावरची हाताळणी, तिथलं कस्टम्सचं काम आणि जिने चढवण्याचे पैसे धरलेलेच नव्हते. सामान पोचल्यावर वेगळं बिल आलं आणि ते भरेपर्यंत सामान सोडलं नाही. पोचण्याच्या ठिकाणचा प्रत्येक खर्च त्यांच्याकडून लिहून घ्या, जागा ठरल्यापेक्षा जास्त भरली तर काय दर लागेल तेही. विमा वेगळा असतो, तो घ्या.

बाकीचं पटकन सांगते. एका प्रवासाला परकीय चलन रोखीत 3000 डॉलरपर्यंतच मिळतं, बाकी कार्डावर घ्या. भारतातलं बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं खातं, करून घ्यावं लागतं. दागिने नेणार असाल तर निघताना कस्टम्सकडून प्रमाणपत्र करून घ्या, म्हणजे परत आणताना प्रश्न येणार नाही. मुलीचं लसीकरणाचं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा. 2020 पासून तिथे बालवाडीत आणि शाळेत गोवराच्या लसीचा पुरावा मागतात.

आणि झोपाळा. आम्ही आमचा नेला. लाखेच्या रंगाचा, पितळी कड्यांचा, माझ्या सासूबाईंच्या लग्नातला. त्याच्यासाठी लाकडी पेटी करावी लागली, आणि पेटीचं लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर अर्धा तास तापवून शिक्का मारलेलं लागतं, तो खर्च वेगळा. पोचला तेव्हा कळलं की टांगायला तुळई नाही, आणि छताला हूक मारायची घरमालकाची परवानगी नाही. तीन वर्षं तो तळघरात उभा आहे. मी खाली कपडे धुवायला जाते तेव्हा त्याच्या फळीवरून हात फिरवून येते. तुमचा झोपाळा ज्या घरात टांगता येईल अशा दिराकडे किंवा नणंदेकडे द्या. सासरे असतील तर त्यांना रोज बसता यावं, याला माझ्या मते सगळ्यांत जास्त किंमत आहे.

एक गोष्ट मात्र जहाजात अजिबात टाकू नका. आमचं सामान पोचायला अकरा आठवडे लागले. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, त्यात आणखी दीड-दोन आठवडे वाढतात. माझ्या मुलीची गोधडी आणि चित्रांची पुस्तकं त्या पेट्यांत होती. ती तेव्हा चार वर्षांची होती, आणि रोज रात्री विचारायची, गोधडी आज कुठपर्यंत आली? तुमच्या मुलीला एक छोटी बॅग द्या, तिच्या हाताने भरायला लावा, आणि ती विमानात तिच्याजवळच असू द्या.