वाचकांचे प्रश्न : पेशीतला आरएनए

प्रश्न : सगळी माहिती डीएनएमध्ये असते, तर पेशी प्रथिनं थेट त्यावरूनच का बनवत नाही? मध्ये आरएनएची प्रत काढायचा खटाटोप कशासाठी?

उत्तर : पाठ्यपुस्तकी उत्तर जागेचं आहे : डीएनए केंद्रकात, प्रथिनं बनवणारे रायबोसोम बाहेर पेशीद्रवात, म्हणून निरोप न्यायला कुणीतरी हवं. पण जिवाणूंना केंद्रकच नसतं, तरी तेही आरएनएची प्रत काढतात. तेव्हा खरं कारण संख्या आणि वेळ यांत शोधावं लागतं. आपल्या बहुतेक पेशींत एका जनुकाच्या दोनच प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. गरज पडली की त्यांवरून हजारो मेसेंजर आरएनए, म्हणजे एम-आरएनए, काढता येतात आणि एकेका एम-आरएनएवर एकामागोमाग अनेक रायबोसोम चढतात. उत्पादन असं दोन टप्प्यांत वाढतं.

थांबवायचं असेल तेव्हा प्रती मोडून टाकायच्या, मूळ डीएनएला हात लागत नाही. ई. कोलाय जिवाणूतले बहुतेक एम-आरएनए काही मिनिटांतच संपतात; माणसाच्या पेशीत ते साधारण काही तास टिकतात. म्हणून तर समोर लॅक्टोज (दुधातली साखर) आल्यावर जिवाणू मिनिटांत ते पचवणारी एन्झाइम बनवू लागतो आणि लॅक्टोज संपलं की तितक्याच झटपट थांबतो. प्रती टिकाऊ असत्या, तर जनुक बंद करूनही प्रथिन बनतच राहिलं असतं.

प्रश्न : म्हणजे आरएनए हा निव्वळ निरोप्याच ना?

उत्तर : वजनाने मोजलं तर निरोप्याचा वाटा अगदी लहान निघतो. पेशीतल्या एकूण आरएनएपैकी सुमारे ८० टक्के रायबोसोमचा भाग असलेला रायबोसोमल आरएनए, १५ टक्क्यांच्या आसपास ट्रान्स्फर आरएनए (रायबोसोमपर्यंत अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाचे दुवे, आणणारा) आणि एम-आरएनए जेमतेम ५ टक्क्यांपर्यंत. बाकीचे छोटे आरएनए त्याहूनही कमी, पण कामाने छोटे नाहीत : सुमारे २२ अक्षरांचे (अक्षर म्हणजे साखळीतला एक दुवा) मायक्रो-आरएनए ठरावीक एम-आरएनएवर बसून त्यांचं भाषांतरण, म्हणजे त्यांवरून प्रथिन बनणं, रोखतात किंवा त्यांना नष्ट करवतात.

रायबोसोममध्ये प्रथिनंही असतात, त्यामुळे अमिनो आम्लं जोडण्याचं काम तीच करत असावीत असा बराच काळ समज होता. २००० साली रायबोसोमची अणूपातळीवरची रचना हाती आली, तेव्हा जोडणी होते त्या जागेभोवती फक्त आरएनए सापडला. म्हणजे प्रत्येक प्रथिनाची साखळी आरएनए गुंफतो. या रचनांबद्दल वेंकटरमण रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांना २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आरएनए एन्झाइमसारखं काम करू शकतो, हे त्याआधीच थॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांनी दाखवलं होतं (नोबेल, १९८९).

ट्रान्स्फर आरएनएची एक गंमत मात्र सांगायलाच हवी. सुमारे ७६ अक्षरांच्या या रेणूचं एक टोक एम-आरएनएवरच्या कोडॉनशी (एका अमिनो आम्लाची खूण असलेली तीन अक्षरं) जुळतं, दुसऱ्या टोकाच्या ‘सीसीए’वर अमिनो आम्ल लटकतं. रायबोसोम कोडॉनची जोडी तपासतो. टोकाला लटकलेला माल कोणता, हे जवळजवळ बघतच नाही. १९६२ साली संशोधकांनी ट्रान्स्फर आरएनएवर आधीच बसलेल्या सिस्टीनमधलं गंधक रासायनिक क्रियेने काढून त्याचं अॅलनीन केलं. रायबोसोमने सिस्टीनच्या जागी ते अॅलनीन निमूट बसवलं. म्हणजे अमिनो आम्ल आणि ट्रान्स्फर आरएनए यांची गाठ मारून देणाऱ्या एन्झाइमची अचूकता ढळली, तर पुढे ती चूक पकडणारं जवळपास कुणी नाही.

प्रश्न : जनुकातलं एकच अक्षर बदलून गंभीर आजार होतो, हे पटत नाही. तेही प्रथिनाची माहिती नसलेल्या इंट्रॉनमधलं?

उत्तर : बीटा थॅलेसेमियाचं एक उदाहरण बघा; या आनुवंशिक रक्तविकारात हिमोग्लोबिनमधलं बीटा ग्लोबिन हे प्रथिन कमी पडतं. एम-आरएनए पक्का होण्याआधी इंट्रॉन कापून टाकले जातात आणि कापण्याची शेवटची खूण असते ‘एजी’. बीटा ग्लोबिन जनुकाचा पहिला इंट्रॉन १३० अक्षरांचा आहे. त्यात ११० व्या जागी ‘जी’ऐवजी ‘ए’ आला की नेमकी तिथेच नवी ‘एजी’ तयार होते. बहुतेक वेळा कात्री या नकली खुणेवर चालते आणि इंट्रॉनची शेवटची १९ अक्षरं एम-आरएनएमध्ये राहून जातात. त्यांतली शेवटची तीन वाचनाच्या ओघात ‘यूएजी’ अशी येतात, म्हणजे ‘थांबा’. ग्लोबिन अर्धवट राहतं. शिवाय अवेळी ‘थांबा’ असलेले एम-आरएनए पेशी ओळखून नष्टही करते.

प्रश्न : आरएनएच्या गोळ्या घेतल्याने पेशींना ताकद मिळते का?

उत्तर : नाही. खाल्लेला आरएनए आतड्यात तुटून जातो आणि पेशी आपला आरएनए स्वतःच घडवते. त्यातल्या प्युरिनांचं, म्हणजे ‘ए’ आणि ‘जी’ या अक्षरांचं, मात्र यूरिक आम्ल होतं, त्यामुळे गाऊट हा सांध्यांचा आजार असलेल्यांनी या गोळ्यांपासून लांबच राहावं.

प्रश्न : एमएस्सीच्या प्रकल्पासाठी ऊतकातून ट्रायझॉल या द्रावणाने आरएनए काढतो. शुद्धता दाखवणारं २६०/२८० हे प्रकाशशोषणाचं गुणोत्तर १.९ येतं, २६०/२३० मात्र ०.८. जेलवर दोन ठळक पट्ट्यांऐवजी खालपर्यंत स्मिअर (पसरट डाग) दिसतो. काय चुकतंय?

उत्तर : दोन वेगळ्या चुका आहेत, त्यांची गल्लत करू नका. २६०/२३० घसरलंय ते बहुधा ट्रायझॉलमधलं ग्वानिडीन थायोसायनेट मागे राहिल्यामुळे. ७५ टक्के इथेनॉलने आणखी एकदा धुवा, आणि क्लोरोफॉर्मनंतर वरचा थर उचलताना मधल्या पांढऱ्या थराला टिप लागू देऊ नका. थोडा द्रव सोडून दिला तरी चालेल. पेलेट (तळाशी बसलेला आरएनए) खडखडीत वाळवूही नका, नंतर विरघळत नाही.

स्मिअर म्हणजे आरएनए तुटलाय. १.९ च्या आकड्यावर विसंबू नका, तुटलेला आरएनएही तोच आकडा देतो. बहुतेकदा नुकसान ट्रायझॉलच्या आधीच, ऊतकाच्या स्वतःच्या आरएनेजमुळे (आरएनए तोडणारं एन्झाइम) होतं. ऊतक कापताक्षणी द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाका आणि वितळू न देता थेट ट्रायझॉलमध्ये कुटा. वितळताना पेशी फुटतात आणि आरएनेजला मोकळं रान मिळतं. १ मिलिलिटर ट्रायझॉलला ५० ते १०० मिलिग्रॅमच ऊतक घ्या. हाव करून जास्त घातलं तर आरएनेज पुरतं निष्क्रिय होत नाही.

ऑटोक्लेव्हवर (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणं) भिस्त नको. आरएनेज-एमध्ये चार डायसल्फाइड बंध असतात, त्याला धातूचे आयनही लागत नाहीत. उकळूनही गार झालं की ते पुन्हा कामाला लागतं. पाण्यात ०.१ टक्का डीईपीसी (आरएनेज निष्क्रिय करणारं रसायन) घालून ३७ अंशांवर रात्रभर ठेवा आणि मग उरलेलं डीईपीसी मोडण्यासाठी ऑटोक्लेव्ह करा. ट्रिस बफरमध्ये डीईपीसी थेट घालू नका, ते ट्रिसशीच अभिक्रिया करून वाया जातं. ट्रिस हे प्रक्रिया केलेल्या पाण्यात बनवा. काचसामान २४० अंशांवर चार तास भाजा.

एवढं करूनही स्मिअर आला तर जेल तपासा. नमुना फॉर्मामाइडमध्ये ६५ अंशांवर दहा मिनिटं तापवून बर्फावर ठेवा आणि मगच भरा, नाहीतर घड्या पडलेला आरएनए पसरट धावतो. नमुना चांगला असेल तर २८एस या मोठ्या रायबोसोमल आरएनएची पट्टी १८एस या लहान रायबोसोमल आरएनएच्या साधारण दुप्पट ठळक दिसते. तसा मिळाला की लहान भाग करून उणे ८० अंशांवर ठेवा, म्हणजे एकच नळी पुन:पुन्हा वितळवावी लागणार नाही.