नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन नॉर्डहाऊस ड्यून्समध्ये तंबूत राहायला जावं का?

तुम्ही लिहिलंय की शिकागोहून तुम्ही तिघं निघणार, तंबूत याआधी एकदाच राहिला आहात, आणि मिशिगन राज्यातल्या स्लीपिंग बेअर ड्यून्सला जावं की नॉर्डहाऊसला (दोन्ही लेक मिशिगन सरोवराच्या काठच्या वाळूच्या टेकड्या), हे ठरत नाहीये. मी ग्रँड रॅपिड्सला राहतो. नॉर्डहाऊसला आजवर सहा वेळा गेलोय, त्यातल्या दोन वेळा माझ्या मुलाला घेऊन. तेव्हा तो तुमच्या मुलीएवढाच होता. माझं मत स्पष्ट आहे: नॉर्डहाऊसला जा, पण पहिल्या रात्री आत मुक्काम करू नका.

स्लीपिंग बेअर सुंदर आहे, त्यात वाद नाही. तिथे गाडीतून उतरलं की समोर वाळूचा कडा आणि खाली निळं पाणी, माहिती केंद्र, रेंजर, जवळच आइस्क्रीम. आईवडील भारतातून आले होते तेव्हा मी त्यांना तिथेच नेलं. पण तुम्ही प्रश्नात ‘शांतता हवी आहे’ असं दोनदा लिहिलंय, म्हणून नॉर्डहाऊस सुचवतो.

लडिंग्टन आणि मॅनिस्टी या दोन गावांच्या मधे, लेक मिशिगनच्या काठावरचा हा ३,४५० एकरांचा तुकडा. १९८७ साली कायद्याने त्याला ‘विल्डरनेस’चा दर्जा मिळाला. मिशिगन राज्याच्या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पात केंद्र सरकारचा हा दर्जा असलेली दुसरी जागा बरीच वर्षं नव्हती; २०१४ साली स्लीपिंग बेअरच्या काही भागालाही तो मिळाला. दर्जाचा प्रत्यक्षातला अर्थ असा की आत गाडी नाही, सायकल नाही, नळ नाही, संडास नाही आणि पाट्या नावापुरत्या. पायवाटा सगळ्या मिळून दहा मैलांच्या आसपास. आकडा छोटा वाटतो, पण कोरड्या वाळूत पाठीवर सॅक घेऊन चालताना एक मैल दोन मैलांएवढा दमवतो. तुमच्या नेहमीच्या वेगाने हिशोब करू नका.

मुक्कामाचं असं करा. या जागेच्या उत्तरेला लागूनच वनखात्याचं लेक मिशिगन रिक्रिएशन एरिया नावाचं कॅम्पग्राउंड आहे. तिथे पाणी आहे, संडास आहेत, लाकडी जिने चढून गेलं की टेकड्या आणि सरोवर दोन्ही दिसणारे मचाण आहेत. उन्हाळ्यातली जागा आधी ऑनलाइन राखून ठेवावी लागते. शनिवार-रविवारच्या जागा लवकर जातात. पहिली रात्र इथे काढा. दुसऱ्या दिवशी सकाळी हलक्या पाठीने इथूनच आत शिरा आणि दुपारपर्यंत मुलीचे पाय, मूड आणि हवा बघा. सगळं ठीक वाटलं तर दुसरी रात्र आत राहा. नाही वाटलं तर तुमचा तंबू इथे उभा आहेच. मुलाला पहिल्यांदा नेलं तेव्हा मी नर्नबर्ग रोड जिथे संपतो तिथे गाडी लावून थेट आत गेलो होतो. ती वाट आधी बराच वेळ जंगलातून जाते, पाणी दिसतच नाही. लहान मुलाला ‘आता येईलच’ किती वेळा सांगणार? तो रडकुंडीला आला होता.

कॅम्पग्राउंड आणि नर्नबर्ग रोड, दोन्ही ठिकाणी गाडीमागे शुल्क आहे. आणि शिकागोहून येताना घड्याळ एक तास पुढे जातं, ते निघतानाच धरा. नाहीतर चार तासांच्या प्रवासाचे पाच होतात आणि तंबू अंधारात लावावा लागतो.

आत राहणार असाल तर तंबू सरोवराच्या काठापासून किमान ४०० फूट आत लावायचा, हा नियम आहे. तसाही पुळणीवर वारा झोपू देत नाही. पहिल्या टेकडीच्या मागे, झाडांच्या आडोशाला सपाट जागा शोधा. मात्र गवतावर तंबू लावू नका. नेहमीच्या खुंट्या वाळूत अजिबात धरत नाहीत. मी चार-पाच कापडी पिशव्या नेतो, त्यात वाळू भरतो, दोरी बांधतो आणि हातभर खड्ड्यात पुरतो. वादळी रात्रीसुद्धा त्या हलल्या नाहीत.

पाणी लेक मिशिगनचं, गोडं. पाण्याच्या फिल्टरने गाळून किंवा खळखळ उकळूनच प्या. त्यात पोहायला लेकरांना फार आवडतं, पण जूनमध्ये ते चांगलंच गार असतं. जुलै संपता संपता सुखाचं होतं. तिथे जीवरक्षक नाहीत. भरती-ओहोटी नाही म्हणून लोक गाफील राहतात, पण वारा पश्चिमेचा आणि लाटा मोठ्या असतील तर पाणी आत ओढून नेतं. अशा दिवशी मुलीला गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नका.

टेकड्यांबद्दल थोडं सांगतो, कारण मुलगी विचारेलच. या साडेतीन ते चार हजार वर्षं जुन्या आहेत. सरोवराची पातळी उतरली, वाळू उघडी पडली आणि पश्चिमेच्या वाऱ्याने ती आत आणून रचली. काही टेकड्या १४० फुटांपर्यंत उंच आहेत. वाळू एका जागी धरून ठेवतं ते मॅरम गवत. अंगावर वाळू पडली की ते आणखी वर वाढतं, पण पायाखाली तुडवलं की मरतं. तिथून वारा वाळू पोखरायला लागतो. म्हणून गवतातून चालायचं नाही, मोकळ्या वाळूतून किंवा रुळलेल्या वाटेनेच जायचं.

याच वाळूत पिचर्स थिसल नावाचं एक फिकट, रुपेरी पानांचं काटेरी रोप दिसेल. जगात फक्त ग्रेट लेक्सच्या काठावर उगवतं. कित्येक वर्षं नुसती पानं घेऊन बसतं, मग एकदाच फुलतं, बी टाकतं आणि मरतं. सह्याद्रीतली कारवी आठवली ना? कारवी सगळी एकदम फुलते, हे प्रत्येक रोप आपापल्या वर्षी. माझा मुलगा ते बघून तिथेच खाली बसला आणि बराच वेळ उठेना. एका चुकीच्या पावलाने त्याची सगळी वर्षं वाया जातात, हे त्याला न सांगता कळलं. तेव्हापासून तो गवताच्या कडेने चालतानाही खाली बघून चालतो.

किड्यांचं: गोचिडी आहेत. रोज संध्याकाळी मुलीचे केस, कानामागे, काखा, गुडघ्यांच्या मागची बाजू नीट तपासा. झाडीत अंगाला खाज आणणारी पॉयझन आयव्हीही आहे, तीन-तीन पानांचे झुपके असतील तिथे हात नको. जूनमध्ये डास फार असतात. शाळेचं जमत असेल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा मला सगळ्यात आवडतो. गर्दी ओसरलेली असते आणि पाणी अजून उबदार असतं.

जेवणासाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट न्या. वाऱ्यात स्टोव्ह पेटवायची वेळच येत नाही. कचरा सगळा परत आणायचा, टॉयलेट पेपरसुद्धा. शौचासाठी छोटं खुरपं सोबत ठेवा. पाणी आणि वाटेपासून दोनशे फूट दूर, जंगलातल्या मातीत वीतभर खड्डा.

आता वाटेचं, जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या आणि एक कागदावरही ठेवा. रेंज येते-जाते. एका संध्याकाळी आम्ही सूर्यास्त बघायला पुळणीवर उतरलो. जूनच्या शेवटी तिथे सूर्य रात्री साडेनवाच्या सुमारास बुडतो. दक्षिणेला बिग सेबल पॉइंटच्या दीपगृहाचा दिवा लुकलुकायला लागला, १८६७ पासून ते तिथे आहे. वाळू पायाखाली चक्क वाजते. मुलगा पाय घासत तो आवाज काढत होता आणि आमचं भान गेलं. वळून बघितलं तर अंधारात प्रत्येक टेकडी सारखीच. आमच्या पावलांच्या खुणा दुसऱ्यांच्या खुणांत मिसळलेल्या. तंबू जेमतेम पाचशे फुटांवर होता आणि तो सापडायला पाऊण तास लागला. मुलाने माझा हात किती घट्ट धरला होता ते मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून पुळणीवर उतरलो की आधी काठावर वाहून आलेल्या लाकडांचा बाण करतो, टोक आमच्या वाटेकडे. त्याच्या शेजारी एक उभी काठी रोवतो आणि तिला पांढरा रुमाल बांधतो. टॉर्च प्रत्येकाच्या गळ्यात, मुलीच्याही. बाण करायचं काम तिलाच द्या, आणि सकाळी निघताना तो मोडायचंही.