आलेखातला बाक

सोलापूर

बाळा,

हुतात्मा एक्स्प्रेस पकडायच्या गडबडीत तू हातात ठेवलेला आलेख दोन दिवस बघतोय. रुबिडियमचे अणू लेसरनं थंड करून सापळ्यात धरलेस, नव्या अणूंची आवक बंद केलीस आणि ढगाची चमक, म्हणजेच त्यातल्या अणूंची संख्या, कशी ओसरते ते मोजलंस. काम नेटकं आहे. पण सुरुवातीचे सहा बिंदू रेषेत बसेनात म्हणून गाळलेस, ते परत घे.

मागच्या पानावरची रीडिंग्ज घेऊन मी सेमीलॉग कागदावर सगळा आलेख हातानं काढला; त्याची उभी मोजपट्टी लॉगची, म्हणून ठरावीक वेळात ठरावीक प्रमाणात होणारी घट तिथे सरळ रेष दिसते. शेवटाकडे रेष सरळ आहे. तिथे निर्वातात उरलासुरला वायू एकेका अणूला धक्का देऊन बाहेर काढतो. सुरुवातीला मात्र ती झपाट्यानं उतरते. होम मैदानावर गड्ड्याची गर्दी निम्मी झाली की धक्काबुक्की निम्मी नाही, पाव होते, तसंच इथे. तो बाक म्हणजे अणूंच्या आपसातल्या टकरी, आणि त्या घडवतो तुझाच लेसर.

कसं ते बघ. लेसरचा प्रकाश शोषून उत्तेजित झालेला रुबिडियम अणू सरासरी 26 नॅनोसेकंद तसा टिकतो. तेवढ्यात खोलीच्या तापमानाचा अणू जवळपास 8 मायक्रोमीटर निघून जातो; सापळ्यातला, 100 मायक्रोकेल्व्हिनइतका थंड अणू स्वतःच्या चालीनं जेमतेम 4 नॅनोमीटर. म्हणून जोडीतल्या एकानं फोटॉन शोषला की दोघांना एकमेकांकडे ओढलं जायला वेळ मिळतो. मग बाहेर पडणारा फोटॉन शोषलेल्यापेक्षा कमी ऊर्जेचा असतो. उरलेली ऊर्जा वेगात जाते आणि दोघंही सापळ्याबाहेर. 2001 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी इवल्याशा सापळ्यात याच टकरी कामाला लावल्या: दुसरा अणू आत आला की जोडीच जाते, म्हणून आत एक तर एक अणू, नाहीतर एकही नाही.

एम.एस्सी.ला न्यूट्रॉननं सक्रिय केलेल्या चांदीच्या प्रयोगात मीही सुरुवातीचे बिंदू खोडले होते. सुमारे 25 सेकंद अर्धायुष्याचं दुसरं समस्थानिक त्यांतच होतं. अजून सलतं ते.

आता लेसरची तीव्रता बदलून पुन्हा मोज. बाक बदलायला हवा, शेपटी, म्हणजे शेवटची सरळ रेष, फारशी नाही. आणि दर वेळी ढगाचा फोटो घे. ढग मोठा असेल तर अणू कमी होताना तो आकसतो, दाटी तीच राहते, मग जोडीच्या टकरींचीही सरळ रेषच दिसते. आकार मोजल्याशिवाय शेपटीवरही विसंबू नकोस, आणि मी वर लिहिलेल्या वायूच्या अर्थावरही नाही.

फोटो निघाले की पाठव. माझा कागद टेबलावरच आहे.

तुझे,
सर